लुइझियाना स्टेट कॅपिटल, बॅटन रूज: ह्युई लाँगने बांधून घेतलेली इमारत आणि त्याची समाधी एकाच आवारात

ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिन्सला निघालेली आपली मंडळी बॅटन रूजला पेट्रोल भरण्यापुरती थांबतात आणि पुढे सुटतात. माझं ऐकाल तर इथे अर्धा दिवस मोडा आणि लुइझियानाचं स्टेट कॅपिटल, म्हणजे तिथलं विधानभवन, बघून घ्या. प्रवेश फुकट, २७व्या मजल्यावरच्या गच्चीलाही तिकीट नाही, आणि एका गव्हर्नरची अख्खी कुंडली एकाच आवारात मांडलेली. त्याने बांधून घेतलेली इमारत, त्याला गोळी लागली तो बोळ आणि समोरच्या बागेत त्याची समाधी. अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्याच्या जागी, राज्याचा कारभार त्याच्या हातात. ह्युई लाँग नावाच्या या गृहस्थाने तो कारभार जितका मुठीत घेतला तितका तिथे क्वचितच कोणी घेतला असेल.

मी सरकारी बांधकामांवर उभी हयात घालवलेला, निवृत्त एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर. मूळचा सातारचा; मुलगा ह्यूस्टनला असतो म्हणून थंडीचे दिवस तिकडे. त्यामुळे हे परीक्षण रस्ते, पूल, दगड आणि टेंडर अशा अंगाने जाईल. चालवून घ्या.

आधी इमारत. ३४ मजले, ४५० फूट. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांच्या कॅपिटलमध्ये ही सर्वांत उंच. वॉशिंग्टनच्या धर्तीचा घुमट वगैरे काही नाही. सरळ आकाशात गेलेला चुनखडी दगडाचा मनोरा. १९३०च्या डिसेंबरात काम सुरू झालं आणि साधारण चौदा महिन्यांत उरकलं, खर्च ५० लाख डॉलर. तेही महामंदीच्या ऐन भरात. चौदा महिन्यांत आर्किटेक्टचे नकाशे नक्की होत नाहीत हो! लाँगने इमारत मंजूर कशी करून घेतली याची एक गोष्ट तिकडे आवडीने सांगतात. जुन्या विधानभवनाच्या छताला त्याने म्हणे मुद्दाम भोक पाडायला लावलं, नेमकं विरोधातल्या एका आमदाराच्या बाकावर. पावसाचं पाणी डोक्यावर ठिबकायला लागलं आणि आमदारसाहेबांना नव्या इमारतीची निकड पटली. खरं-खोटं त्यालाच माहीत, पण माणूस या स्वभावाचा होता एवढं नक्की.

समोर दगडी पायऱ्यांची रांग आहे. पायरीगणिक एकेका राज्याचं नाव, संघराज्यात सामील झाल्याच्या क्रमाने. बांधलं तेव्हा राज्यं ४८ होती. अलास्का आणि हवाई मागाहून वरच्या टोकाला कोरले. माझी नात प्रत्येक पायरीवर थांबून नाव वाचत होती, त्यामुळे आमचं चढणं गजगतीने झालं. गुडघ्यांची तक्रार असेल तर वर बघून घाबरू नका, खालीच सुरक्षारक्षकाला लिफ्टचं विचारा.

आत मोठा मेमोरियल हॉल. फरशीला व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा लाव्हा घासूनपुसून बसवलाय, मधोमध राज्याचा ब्राँझचा उठावाचा नकाशा. लिफ्टच्या ब्राँझच्या दारांवर आजवरच्या गव्हर्नरांचे मुखवटे कोरलेत आणि यादी ह्युई लाँगपाशी संपते. बॉबी जिंदल इथेच जन्मलेला, २००८ ते २०१६ या इमारतीत गव्हर्नर होता, पण दारावर नाही. सौ.नी लगेच विचारलं, "आपला मराठी कोणी नाही का झाला गव्हर्नर?" झाला नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगनमध्ये उभे राहायला निघाले होते, पण पक्षाच्या प्राथमिक फेरीतच तिसरे आले. आता ते तिथले खासदार आहेत.

सिनेटच्या, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाच्या, दालनात मान वर करून छत बघायला विसरू नका. रंगवलेले ६४ षट्कोन आहेत, राज्याच्या ६४ पॅरिशांसाठी एकेक. (पॅरिश म्हणजे तिथला जिल्हा.) हे तक्ते उसाच्या चिपाडाचे आहेत! बगॅस दाबून केलेल्या सेलोटेक्सचे; आवाज घुमू नये म्हणून लावलेले. लुइझियाना उसाचं राज्य. आमच्या भागात बगॅस बॉयलरमध्ये जाते, इथे ती सिनेटच्या डोक्यावर आहे आणि नव्वद वर्षं टिकलीय. याच छतात एक पेन्सिल रुतलेली दिसते. १९७०च्या एप्रिलमध्ये दालनात बॉम्बस्फोट झाला तेव्हा कुठल्या तरी बाकावरून उडून ती वर घुसली, ती अजून तिथेच आहे. नातीला ती सगळ्यांत आधी दिसली. मला चष्मा बदलावा लागला.

आता माणूस. लाँगचा जन्म १८९३चा, विनफिल्ड नावाच्या लहानशा गावातला, नऊ भावंडांतला सातवा. तरुणपणी फिरता विक्रेता होता. सरकीचं तेल आणि गुरांची चरबी मिसळून केलेलं कॉटोलीन नावाचं तूप दारोदार विकायचा. खप वाढावा म्हणून श्रीव्हपोर्टला केक करायची स्पर्धा भरवली आणि तिथे रोझ मॅककॉनेल भेटली. तीच पुढे बायको झाली. ट्युलेन विद्यापीठात जेमतेम वर्षभर कायदा शिकला आणि १९१५ साली वकिलीची परीक्षा पास झाला. पंचविसाव्या वर्षी राज्याच्या रेल्वे कमिशनवर निवडून आला. रेल्वे, टेलिफोन, तेलवाहिन्या यांचे दर बघणारं ते मंडळ. तिथे त्याने टेलिफोन कंपनीची दरवाढ अडवली, खटला थेट सुप्रीम कोर्टापर्यंत नेला, स्वतः उभा राहून लढवला आणि ग्राहकांना पैसे परत मिळवून दिले. सरन्यायाधीश टाफ्टनी त्याच्या वकिलीची तारीफ केली होती. म्हणजे नुसता गर्दी हसवणारा वक्ता नव्हता, डोकं होतं.

१९२४ला गव्हर्नरकीला पडला, १९२८ला आला. "प्रत्येक माणूस राजा, पण मुकुट कुणाच्याच डोक्यावर नाही" ही घोषणा. प्रचारात सेंट मार्टिनव्हिलच्या इव्हँजेलिनच्या ओक वृक्षाखाली त्याने केलेलं भाषण गाजलं. प्रियकराची वाट बघत बसलेल्या इव्हँजेलिनची दंतकथा घेऊन तो म्हणाला, वाट ती एकटीच बघत नाहीये. तुम्हीही शाळांची, रस्त्यांची, दवाखान्यांची वाट बघत बसलायत, आणि ते अजून आलेले नाहीत. ते झाड आजही आहे. लाफायेतजवळ हायवे सोडून दक्षिणेला थोडं आत जावं लागतं. आम्ही वेळेअभावी वगळलं.

निवडून आल्यावर शाळेतल्या पोरांना पाठ्यपुस्तकं फुकट. आधी आईबापांना विकत घ्यावी लागत, आणि ती परवडत नाहीत म्हणून पोरं घरी बसत. कॅथलिक शाळांतल्या मुलांनाही दिली; त्यावर दावा झाला तेव्हा युक्तिवाद असा की पुस्तकं शाळेला नाहीत, मुलाला आहेत. १९३०ला सुप्रीम कोर्टाने तो मान्य केला. प्रौढांसाठी रात्रशाळा काढल्या, काळ्यांसाठीही. वर्णभेदाच्या चौकटीला मात्र त्याने हात लावला नाही, हेही नोंदवायला हवं. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीवर पैसा ओतला, न्यू ऑर्लिन्सला मेडिकल कॉलेज उभं केलं, विद्यापीठाच्या फुटबॉल संघात आणि बँडमध्ये तर मालकासारखं लक्ष घातलं.

रस्त्यांबद्दल मला जास्त बोलायचंय. तो आला तेव्हा अख्ख्या राज्यात पक्के रस्ते तीनशे मैलांच्या आसपास, बाकी खडी, नाहीतर चिखल. आठेक वर्षांत दोन हजार मैलांच्या वर गेले, शंभरावर पूल झाले. पद्धत बघा. एक लांब रस्ता टोकापासून टोकापर्यंत करण्याऐवजी त्याने प्रत्येक पॅरिशमध्ये पाच-दहा मैलांचे तुकडे पक्के केले. शेतकरी चिखलातून धक्के खात यायचा, मध्येच दहा मिनिटं लोण्यासारखा रस्ता, पुन्हा चिखल. मग उरलेला रस्ता मागायला लोकच उभे राहिले आणि कर्जरोख्यांना मतं मिळाली. कामाचं नियोजन म्हणून हे चूक आहे; मशिनरी अशी दहा ठिकाणी विखुरणं कुठलाही इंजिनिअर मान्य करणार नाही. पण त्याला रस्त्याबरोबर पुढची निवडणूकही बांधायची होती, आणि त्या हिशेबाने ते अचूक होतं.

पैसा कुठून? इथे गच्चीवर जायचं. लिफ्ट २४व्या मजल्यापर्यंत, तिथून दुसरी छोटी लिफ्ट २७व्यावर. दुपारी चारच्या आत जाऊन या. खाली मिसिसिपी, तिच्यात एकामागे एक जोडलेले बार्ज, आणि उत्तरेला नदीकाठाने पसरलेली तेल रिफायनरी. चिमण्या, गोल टाक्या, वाफ. १९०९ साली स्टँडर्ड ऑइलने काढलेली, आज एक्सॉनमोबिलची. लाँगचा जन्मभराचा शत्रू ही कंपनी, आणि त्यानेच बांधून घेतलेल्या इमारतीवरून ती अशी समोर दिसते. मला तरी सगळ्या फेरीत ही जागा अव्वल वाटली. वारा भन्नाट असतो, टोपी सांभाळा.

१९२९ला त्याने शुद्ध होणाऱ्या तेलाच्या दर पिंपाला पाच सेंट कर लावायचा घाट घातला. कंपनी खवळली, आमदार फिरले आणि प्रतिनिधीगृहात त्याच्यावर महाभियोग आला. त्या गोंधळात सभागृहात अक्षरशः हाणामारी झाली. मतमोजणीचं यंत्र चुकीचं दाखवतंय म्हणून बाकांवरून उड्या पडल्या, रक्त सांडलं. दोषी ठरवायला सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मतं हवी होती. लाँगने ३९पैकी १५ सिनेटरांच्या सह्या एका कागदावर घेतल्या: पुरावा काहीही येवो, आम्ही दोषी ठरवणार नाही. झालं, खटलाच बारगळला. सह्या करणाऱ्यांना पुढे पदं आणि कामं मिळाली. तोच कर अखेर १९३४च्या शेवटी त्याने मंजूर करून घेतला. बॅटन रूजमध्ये लोक बंदुका घेऊन रस्त्यावर उतरले, लष्करी कायदा पुकारावा लागला, आणि मग? कंपनीशी तडजोड होऊन पाचातले चार सेंट माफ. त्याच सुमारास त्याच्या मंडळींनी "विन ऑर लूज" नावाची तेल कंपनी काढून सरकारी जमिनींचे खनिज हक्क घेतले आणि पुढे विकले. तेलवाल्यांशी वैरही आणि तेलात वाटाही.

सरकारी नोकरांच्या पगारातून पक्षासाठी रक्कम कापली जायची. ती रोकड ज्या पेटीत जाई तिला सगळे "डिडक्ट बॉक्स" म्हणत. तो गेल्यावर पेटी कुणालाच सापडली नाही. १९३०ला तो अमेरिकेच्या सिनेटवर निवडून आला तरी १९३२च्या जानेवारीपर्यंत शपथ घ्यायला गेला नाही, कारण गव्हर्नरकी सोडली असती तर न पटणाऱ्या उपगव्हर्नराच्या हाती गेली असती. त्याचा काटा काढला, लवकरच मर्जीतला ओ. के. ॲलन खुर्चीवर आला, आणि हा वॉशिंग्टनहून राज्य हाकू लागला. ॲलनवर एक विनोद होता: खिडकीतून एक पान उडून टेबलावर पडलं, तर साहेबांनी त्यावरही सही ठोकली. वॉशिंग्टनचा सिनेटर असून लाँग इथल्या सभागृहात बाकांमधून फिरायचा, विधेयकं धडाधड मंजूर करून घ्यायचा. शिक्षकांच्या नेमणुका, शहरांचे पोलीस, सगळं हळूहळू राज्याच्या, म्हणजे त्याच्या, मुठीत. आणि याच काळात गरिबांना मतदानापासून दूर ठेवणारा पोल टॅक्सही त्यानेच रद्द केला. असा माणूस. तुम्ही त्याच्यावर एक वाक्य ठरवून आलात की पुढचा मजला ते खोडतो.

१९३४ला "शेअर अवर वेल्थ" म्हणून मोहीम काढली: श्रीमंतांच्या संपत्तीवर मर्यादा, प्रत्येक कुटुंबाला किमान पाच हजार डॉलरची मत्ता. देशभर हजारो क्लब निघाले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टला १९३६च्या निवडणुकीची धास्ती वाटावी इतका जोर होता.

तो बोळ पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूला आहे, गव्हर्नरच्या जुन्या कार्यालयाजवळ. अरुंद आहे, संगमरवरी. ८ सप्टेंबर १९३५, रविवारची रात्र. अधिवेशन चालू होतं आणि न्यायाधीश बेंजामिन पेव्ही पुन्हा निवडून येऊ नयेत म्हणून त्यांचा मतदारसंघ मोडण्याचं विधेयक त्यात होतं. पेव्हींचा जावई, २८ वर्षांचा डॉक्टर कार्ल वाइस, या बोळात लाँगसमोर आला. एक गोळी लाँगच्या पोटात. अंगरक्षकांनी डॉक्टरच्या देहात साठाच्या आसपास गोळ्या घातल्या. लाँगला जवळच्या रुग्णालयात नेलं, शस्त्रक्रिया झाली, पण मूत्रपिंडातला रक्तस्राव थांबला नाही असं मानतात. १० सप्टेंबरला तो गेला. वय ४२. डॉक्टरच्या घरचे म्हणत राहिले की त्याने फक्त ठोसा मारला, गोळी अंगरक्षकाचीच उडाली. १९९१ला डॉक्टरचं दफन उकरून तपासणी झाली, हरवलेलं पिस्तूलही त्याच वर्षी सापडलं, राज्य पोलिसांनी चौकशी पुन्हा उघडली आणि निष्कर्ष जुनाच काढला. वाद मिटला नाही तो नाहीच. भिंतीच्या दगडात गोळीची खूण म्हणून एक खळगा दाखवतात. नातीने त्यात बोट घालून पाहिलं आणि विचारलं, "आबा, एवढ्या छोट्या जागेत एवढे लोक कसे मावले?" माझ्याही मनात तेच होतं. दोन माणसं शेजारून जाताना खांदे सांभाळावेत अशी ती जागा, दगडाच्या भिंती, आणि साठ गोळ्या. कोणाची कुठून उडून कोणाला लागली, हे छातीठोक सांगणाऱ्याने आधी इथे उभं राहून बघावं.

समोरच्या बागेत त्याला पुरलंय. वर ब्राँझचा पुतळा, १९४० सालचा, एक हात कॅपिटलच्या छोट्या प्रतिकृतीवर ठेवलेला, तोंड इमारतीकडे. रात्री मनोऱ्यावरून त्याच्यावर दिव्याचा झोत पडतो. घराणं तिथेच थांबलं नाही: सिनेटची उरलेली मुदत बायकोने पुरी केली, मुलगा रसेल १९४८पासून १९८७पर्यंत सिनेटर, भाऊ अर्ल गव्हर्नर. घराणेशाही आपल्याकडेच असते असं वाटणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

वेळ उरला तर दोन ठिकाणं आणखी. जुनं स्टेट कॅपिटल नदीकाठी आहे, किल्ल्यासारखं दिसणारं. मार्क ट्वेनला ते अजिबात आवडलं नव्हतं, मला मात्र आतला लोखंडी गोल जिना आणि रंगीत काचांचा घुमट फार आवडला. महाभियोगाची मारामारी इथेच झाली. आता संग्रहालय आहे, लाँगच्या खुनावर वेगळं दालन आहे, प्रवेश फुकट. दुसरं, ओल्ड गव्हर्नर्स मॅन्शन. आधीचं सरकारी घर लाँगने तुरुंगातले कैदी लावून पाडलं आणि १९३०ला व्हाइट हाउससारखं नवं बांधलं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालो तर दिव्याची बटणं कुठे आहेत ते आधीच माहीत असावं म्हणून, असं लोक म्हणत. इथे तिकीट पडतं, आणि लग्नकार्यालाही देतात, तेव्हा वेळा आधी बघून ठेवा.

जेवणाचं सांगतो. शाकाहारी असाल तर गाडीत डबा ठेवा. आम्ही एका ठिकाणी, नाव नको, नुसती पालेभाजी मागवली तर तीत डुकराच्या मांसाचे तुकडे. वाढणाऱ्या बाईंना सांगितलं तर त्यांना प्रश्नच कळेना. म्हणाल्या, भाजी अशीच तर करतात. त्या भाजीच्या उरलेल्या पाण्याला पॉटलिकर म्हणतात आणि ते लाँगचं लाडकं. १९३१ला अटलांटाच्या वर्तमानपत्राशी त्याचा जाहीर वाद रंगला होता: मक्याची भाकरी त्यात बुडवून खावी की कुस्करून. तो बुडवणाऱ्यांतला. १९३५ला अमेरिकेच्या सिनेटमध्ये पंधरा तासांवर भाषण ताणताना त्याने याची कृतीही सांगितली होती. सौ.चं मत, कुस्करूनच.

पुढे न्यू ऑर्लिन्सला गेलात तर शहराच्या अलीकडचा ह्युई पी. लाँग पूल बघा, रेल्वे आणि मोटार दोन्हींचा, राल्फ मोजेस्कीचं डिझाइन. १९३५च्या डिसेंबरात खुला झाला, म्हणजे तो गेल्यावर तीन महिन्यांनी. मूळ लेन फक्त नऊ फुटी होत्या, कडेला पट्टी नाही, शेजारून आगगाडी आणि खाली मिसिसिपी. २०१३ला रुंद केलाय, आता बिनधास्त जा. नऊ फुटी लेन असती तर मी मुलाला गाडी वळवायला लावली असती.